उत्कर्षाची तयारी

रोहिणी आणि मी भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये तपासणीच्या टेबलावर शेजारी बसतो. तिचं माहेर-सासर दोन्ही बीडकडचं. बाई कामाला वाघ. ऑडिटर येणार असले की आदल्या दिवशी मशीन पुसायची, फरशी धुवायची आणि नापास मालाची लाल पेटी मागच्या शेडमध्ये ढकलायची, हे तिचंच काम. ऑडिटरने विचारलं तेवढंच सांगायचं, तेही हसून. अकरा वर्षांत तिच्या टेबलावर एक शेरा आला नाही.

तिची मुलगी उत्कर्षा सहा वर्षांची. बोलायची नाही, कुणाकडे बघायची नाही. खासगी डॉक्टरांनी स्वमग्नता आहे म्हणून सांगितलं. शाळा म्हणाली, सरकारी दवाखान्याचं दिव्यांग प्रमाणपत्र आणा, मग विशेष शिक्षिका मागवता येईल. नाहीतर एवढ्या मोठ्या वर्गात हिला सांभाळायचं कसं? म्हणजे एका कागदावाचून पोरीची शाळा अडली होती.

तारीख मिळायलाच चार महिने गेले. तेवढ्या काळात या बाईने काय करावं? पोरीची तयारी करून घेतली! नाव विचारलं की "उत्कर्षा" म्हणायचं, मांडीवर हात ठेवून बसायचं, निघताना डॉक्टरांना टाटा करायचा. जमलं की चिक्कीचा तुकडा. तपासणीच्या दिवशी नवा फ्रॉक, दोन वेण्या. डॉक्टरांनी विचारलं, मुलांत खेळते का? रोहिणी म्हणाली, "खेळते." नीट झोपते? "झोपते." विचारलं तेवढंच, हसून. पोरीने टाटासुद्धा केला. पंधरा दिवसांनी उत्तर आलं, निकषात बसत नाही.

मी तिला टेबलावरच झापलं. "अगं, तिथंही ऑडिटच दिलंस का?" तिने डबा न उघडता परत नेला. मग माझं मलाच वाईट वाटलं, कारण त्या लाल पेट्या मीही तिच्याबरोबर ढकलल्या होत्या.

फेरतपासणीला मी सुट्टी टाकून सोबत गेले. प्रमाणपत्र मिळालं, जूनपासून आठवड्यातून दोनदा शिक्षिकाही येते. पण ते मिळालं कसं, ते सांगते.

या वेळी वेण्या नव्हत्या, चिक्की नव्हती. उत्कर्षा टेबलाखाली शिरली आणि कान दाबून किंचाळायला लागली. रोहिणीने तिला ओढून काढलं नाही. डॉक्टरबाई विचारत गेल्या, ही सांगत गेली. मिक्सर लावला की भिंतीवर डोकं आपटते. मनगट चावते. झोप जेमतेम तीन तास. पोरांत कधीच खेळत नाही.

"आन् मला आजवर एकदाही आई म्हणली नाही." तिथे तिचा आवाज फाटला.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो, हे सगळं मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

रोहिणीने पदराने नाक पुसलं.

"मला वाटलं, तुम्ही पोरीला नापास करताल."