ऑक्सिजन प्रकल्पाला झेंडूचा हार

लिहिण्याचं धाडस करतोय, चुकलं तर सांभाळून घ्यावं. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला.

गरीब देशांनी करोनाच्या साथीला कसं तोंड दिलं, याचं मूल्यमापन आम्हाला कॉलेजात लिहायचं आहे. म्हणून खंडेनवमीला मी आमच्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. आवारातल्या ऑक्सिजन प्रकल्पाला कुणी हळदकुंकू लावलं होतं, झेंडूचा हार घातला होता. साथीत वडील इथेच गेले. "ऑक्सिजन होता, तुम्हीच उशिरा आणलंत," असं तेव्हा आईला सांगितलं गेलं. ती अजून स्वतःलाच दोष देते.

मला ती पूजा आवडली. नांगर, कोयता, शिलाई मशीन, जे वर्षभर आपल्यासाठी राबतं त्याच्यापुढे आपण या दिवशी वाकतो. सरकारी अहवालात मी वाचलं होतं, 'प्रकल्प उभारला'. एवढ्या एका ओळीवर आपण किती विसंबतो. मग उरलेला दोष कुणाचा, हे माणसं आपापल्या घरात शोधत बसतात. मीही कधीतरी मनात आईलाच दोषी धरलं होतं.

मी हात जोडले. शेजारी फुलं निवडणाऱ्या सफाईच्या मावशी हसल्या.

"जोड बाबा, त्याला तेवढंच काम."

"आज बंद ठेवलाय का, मावशी?"

"आज? अरे, उद्घाटनाचा नारळ फोडून साहेब गेले, ते गेलेच. याला वीज कधी जोडलीच नाही. साथीतसुद्धा नव्हती."