टाळूची कवळी वाटीतच होती

१९८६ साल. मी एकसष्ट वर्षांचा. शाळा चौथीत सोडली, तेव्हा लिहिणं जमेल तसं आहे... पण खोटं लिहिणार नाही. भुतंखेतं, अंगात येणं — यातलं मी कधी काही मानलं नाही. आजही मानत नाही.

आमचं गाव रत्नागिरीहून पावसकडे जाताना लागतं. देवीपुढं गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घराचा. म्हणजे गावाचं मागणं मोठ्याने देवीला सांगायचं आणि लोकांनी दर वाक्याला 'होय म्हाराजा' म्हणायचं. तीस वर्षं मी ते केलं. माझ्या लेखी ते काम, नांगर धरण्यासारखं. त्यात चमत्कार कसला?

आदल्या वर्षी वरच्या जबड्यात गाठ निघाली. मुंबईला ऑपरेशन झालं, एका बाजूचा जबडा आणि अर्धी टाळू गेली. तोंडातून थेट नाकात भोक! पेज प्यायलो की नाकातून खाली. बोललो तर 'क' नाही, 'स' नाही, नुसतं हूं हूं. डॉक्टरांनी टाळूची कवळी करून दिली — गुलाबी, वरच्या अंगाला भोक बुजवणारा गोळा, उरलेल्या दातांना अडकवायला तारा. ती लावली की जेवता यायचं, बोललेलं समजायचं. पण आवाज गेंगाणाच.

शिमग्याआधी चुलतभाऊ वसंता घरी आला.

"दादा, यंदा गाऱ्हाणं मी घालतो. लोक हसतील तुला."

"हसू देत. दात आहेत त्यांना."

"आणि देवीला कळलं नाही तर?"

"तुझी बडबड कळते ना तिला? मग माझं कळेल."

वर सांगून टाकलं, "अडखळलो तर मान तुझा. जन्मभर."

पालखी सहाणेवर, म्हणजे देवळाबाहेरच्या चौथऱ्यावर, बसायचा दिवस. सकाळी घावणे खाल्ले, कवळी काढून धुतली, काशाच्या वाटीत पाण्यात ठेवली. तेवढ्यात ढोल वाजला आणि मी नारळ घेऊन तसाच धावलो. वाटेत शेजारची शेवंती आडवी आली. "तात्या, माझा सुधाकर बोटीवर आहे, चार महिने पत्र नाही. त्याचं नाव घ्या हो."

गाऱ्हाणं घातलं. आवाज निघाला तो जबडा शाबूत होता तेव्हासारखा, खणखणीत. पार मागच्या फणसाखालून 'होय म्हाराजा' येत होतं. मनात म्हटलं, कवळी आज झकास बसली.

मग गुरवाने तीर्थ दिलं. तोंडात घेतलं आणि — नाकातून धार! जीभ वर नेली... भोक उघडं.

गर्दीतून बायको वाटी घेऊन येत होती. "अहो, ही घरीच राहिली की!"

'काय' म्हणायला गेलो, तर नाकातून नुसता वारा.

वसंता म्हणाला, "गाऱ्हाणं सगळ्यांना पाठ, म्हणून कळलं."

शेवंती त्याच्यावर उसळली, "आणि माझ्या सुधाकरचं नाव रे? ते कुणाला पाठ होतं? 'सुधाकरला सुखरूप किनाऱ्याला लाव' — शब्द न् शब्द ऐकलाय मी!"

झालं! देवीच बोलली म्हणून माणसं माझ्या पाया पडायला लागली. मी कवळी बसवली आणि ओरडलो, "देवी बोलली? मग तीस वर्षं काय मी झोपलो होतो?"

पुढे डॉक्टरांना विचारलं. त्यांनी बॅटरी लावून भोक पाहिलं, कवळीशिवाय 'सुधाकर' म्हणायला लावलं, तर नुसतं हूं हूं निघालं. सुधाकरचं पत्र आलं, पण बोटीवरची पत्रं उशिरा येतातच.

पण ते सगळं नंतरचं. गाऱ्हाण्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दार उघडलं तर अंगणात सात-आठ माणसं नारळ घेऊन उभी. सगळ्यांच्या पुढे वसंता. "दादा, कवळी काढून आमचं एक गाऱ्हाणं घाल."

मी आत गेलो, वाटी घेऊन बाहेर आलो. सगळ्यांदेखत कवळी धुतली, टाळूला बसवली, तारा दातांवर दाबल्या. वसंताच्या हातातला नारळ घेतला आणि माझ्या गेंगाण्या आवाजात पहिलं वाक्य म्हटलं. मग थांबलो. तो 'होय म्हाराजा' म्हणेपर्यंत त्याच्याकडे बघत राहिलो.