आळशी जखम

मावशीला सगळा रस्ता इंजिन म्हणायचा. इस्त्रीच्या दुकानात सकाळपासून वाफ सोडत उभी, म्हणून इंजिन. आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे काका, ओघानंच डबा. आता इंजिनामागं डबा निदान चालतो तरी. काका तेवढंही करत नव्हते. दुकानाच्या दारात वेताची खुर्ची होती, तिच्यात ते बसलेले असत.

आधी काका साबणाच्या कारखान्यात होते. कारखाना बंद पडला, बाकीची माणसं दुसरीकडं कुठं कुठं चिकटली, काका खुर्चीला चिकटले. जाणारा-येणारा विचारायचा, "काय करताय?" काका म्हणायचे, "बघतोय." काय बघताय, ते काही कुणी विचारलं नाही. आत शेगडीवर दूध वर आलं की खुर्चीतनंच सांगायचे, "दूध उतू जातंय." आवाजात घाई नाही की काळजी नाही, रेडिओवरची बाई उद्याचं हवामान सांगते तसं. मावशी हातातली इस्त्री उभी करून धावायची, तोवर शेगडी दूध प्यालेली असायची. मग तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा.

"खायला काळ आणि भुईला भार! हात लांब केला असता तर झिजला असता का?"

काका हसायचे. लागतच नव्हतं त्यांना काही. पालथ्या घड्यानं शिकवणी लावावी असा माणूस.

गेले तेही बसूनच. मावशी चादरींचा मोठा गठ्ठा उरकत होती आणि सवयीनं पाठमोऱ्या खुर्चीला ऐकवत होती. गठ्ठा संपला तेव्हा म्हणाली, "आता तरी उठा, चहाचं पार पाणी झालं." मग पुढं जाऊन बघितलं. त्यातला किती वेळ ती मेलेल्या माणसाला आळशी म्हणत होती, ते डॉक्टरलाही नीट सांगता आलं नाही.

मावशी रडली नाही. काकांचा एक सदरा काढला, त्याला कडक इस्त्री केली, कॉलर पुन्हा एकदा दाबली आणि त्यांना घालायला दिला. दुसऱ्या दिवशी दुकान उघडं. बायका आपापसात म्हणाल्या, हिचं काळीज आहे की इस्त्रीचा तवा? तवा तरी तापतो.

पायाचं नंतर निघालं. रक्तात साखर आधीपासून होती. तिच्या मुलीनं, आमच्या ताईनं, एकदा टेबलाखाली फरशीवर ओले डाग बघितले.

"आई, पाय दाखव."

"फवाऱ्याचं पाणी असेल गं. तुला कपडे दिसत नाहीत, डाग बरे दिसतात."

पाणी नव्हतं. डाव्या तळव्याला, करंगळीच्या मुळाशी, सदऱ्याच्या बटणाएवढी जखम होती. मावशीनं ती अशी बघितली जशी कुणा परक्याची चप्पल बघावी.

दवाखान्यात सोबत जावई गेला. तो विम्याच्या कचेरीत कारकून, इंग्रजीशी रोजची उठबस. तरुण डॉक्टरनं तळवा दाबला.

"दुखतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही म्हटलं ना. सांगा तर दुखवून घेते."

डॉक्टर शेजारच्या डॉक्टरला म्हणाला, "इंडोलंट अल्सर." मग पट्टी बांधली, पायावर वजन देऊ नका म्हणाला आणि पुढच्याला हाक मारली. परत येताना बसमध्ये जावयानं फोनमध्ये शब्द बघितला. रोग नाही बघितला, शब्द बघितला. कारकुनाला शब्द अडला की आधी शब्दच सुटावा लागतो.

"आई, इंडोलंट म्हणजे आळशी."

मावशी हसली. काका गेल्यापासून पहिल्यांदा. "घ्या! एक आळशी जन्मभर पोसला. तो गेला, तर हा पायात येऊन बसला."

"पण वजन देऊ नका म्हणालेत."

"आळशी आहे ना? मग लोळू दे त्याला. निजल्या माणसाला मी कधी उठवू शकले का? तो त्याचं करेल, मी माझं करते."

जावयालाही ते पटलं. आळशी रोग म्हणजे बिचारा गरीबच की. मावशी उभीच राहिली. गिऱ्हाईकं विचारायची, "काय म्हणतोय तुमचा आळशी?" मावशी इस्त्री न थांबवता म्हणायची, "लोळतोय." सगळा रस्ता हसायचा. दुखत नव्हतंच.

मग एका संध्याकाळी ताई पट्टी सोडायला बसली आणि तिनं नाकाला पदर लावला. करंगळी काळी पडली होती.

या वेळी मोठ्या डॉक्टरीणबाई होत्या. "उभं राहू नका म्हणून सांगितलं होतं ना?"

जावई म्हणाला, "पण मॅडम, तुमच्याच डॉक्टरांनी आळशी सांगितलं होतं."

बाईंना आधी कळेना. कळलं तेव्हा हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तो अर्थ माणसांना लावतात. मूळचा अर्थ, न दुखणारं. आळशी हा मागाहून चिकटला. जखमेला अजून जुनाच लागतो. दुखत नाही, हळूहळू चालते आणि भरत नाही. दुखलं असतं तर मी सांगायची गरज नव्हती, तुम्ही आपोआप बसला असता."

"आता?" ताईनं विचारलं.

"करंगळी जाईल. पाय ठेवायचा असेल तर जखम भरेपर्यंत उभं राहायचं नाही."

"बसून काय करू?" मावशी म्हणाली.

"काही नाही. तेच औषध."

करंगळी गेली. घरी आल्यावर पाय वर ठेवून नीट बसता येईल अशी एकच जागा होती, दारातली खुर्ची. वेतात काकांच्या मापाचा खळगा पडलेला. मावशी त्यात बसली. जरा सैल झाला, एवढंच. ताई सकाळ-संध्याकाळ इस्त्रीला उभी राहू लागली. जावई कचेरीतनं सुटला की घड्या घालायचा. एकदा मावशीनं त्याला विचारलं,

"जावईबापू, तो शब्द परत सांगा."

"इंडोलंट."

"न दुखणारा."

"हो."

"म्हणजे तुमचे सासरे."

जावयानं हातातला टॉवेल तसाच धरला.

"कारखाना बंद झाला तेव्हा मी विचारलं होतं त्यांना, काही वाटतंय का म्हणून. नाही म्हणाले. मला बरं वाटलं, म्हटलं, सुटले." ती रस्त्याकडं बघत होती. "आता तुम्ही विचारा."

"काय?"

"मला काही वाटतंय का."

जावयानं टॉवेलाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

जखम भरली. वेळ घेतला, पण भरली. डॉक्टरीणबाईंनी चाचपून बघितलं, मऊ तळव्याची चप्पल दिली आणि म्हणाल्या, "आता रोज थोडा थोडा वेळ उभं राहायला हरकत नाही." मावशी दुकानापर्यंत चालत आली आणि खुर्चीत बसली. दमली असेल, ताईला वाटलं. दुसऱ्या दिवशीही बसली. पुढंही बसतच राहिली. कुणी विचारलं, "काय इंजिन, यार्डात?" तर म्हणायची, "बघतेय."

एका सकाळी ताई गिऱ्हाइकाशी बोलता बोलता इस्त्री पांढऱ्या सदऱ्यावर ठेवून वळली. मावशीचं नाक त्या बाबतीत कुत्र्याचं. पूर्वी धागा तापायच्या आधी ती झेपावायची.

"कापड जळतंय," मावशी खुर्चीतनं म्हणाली. हवामान सांगावं तसं.

ताईनं इस्त्री उचलली. सदऱ्यावर तिचा तपकिरी ठसा उमटला होता. पण ताई सदऱ्याकडं बघत नव्हती. ती खुर्चीच्या पाठीकडं बघत होती. वडिलांच्या वेळी दिसायचं तेवढंच डोकं वर दिसत होतं.

"आई," ती म्हणाली, "पाय बरा झालाय ना तुझा?"

"झालाय की," मावशी म्हणाली.