तिला विचारलेलं
चुलीत कापसाची वाळकी पऱ्हाटी जळाली, की त्या धुराच्या वासानं मला ती चीनची पोरगी आठवते. ती कुठल्याशा तिसऱ्याच देशात खऱ्या माणसांचे सिनेमे काढायला शिकत होती. कापसाचे हाल चालले होते त्या सालांत ती घाटंजीकडच्या आमच्या घरी आली, सोबत तिचं बोलणं समजावून सांगायला यवतमाळची एक बाई. माझी बायको भाकरी टाकत होती. पोरीनं कॅमेरा तिच्यासमोर ठेवला अन् विचारलं, कापूस वेचताना मनात काय येतं? बायकोनं तोंड उघडलं, तेवढ्यात मीच बोललो, "तिले काय समजते? मले विचारा." मग सगळं मीच सांगितलं, तिचा कोणता गुडघा दुखतो तेही. कॅमेरा बंद झाल्यावर बायको हसून म्हणाली, "आता हिरोईनबी तुमीच व्हा." पुढच्या साली पोरगी परत आली. तिच्या मास्तरानं तिला झापलं होतं, सिनेमात माझ्या बायकोचा एक शब्द नाही म्हणून. सोबतची बाई म्हणाली, "बाबा, आता त्यायलेच बोलू द्या." मी म्हटलं, "ते दिवाळीच्या आधीच वारली." पोरीनं मग मला ते जुनं शूटिंग दाखवलं. त्यात दर वेळी बायको तोंड उघडते अन् आवाज माझा येतो. ती काय सांगणार होती, मला आजही माहीत नाही. चाळीस वर्षं एका घरात राहून अंदाजही करता येत नाही.