विहिरीत पडलेला पाव

मिशनच्या मडमबाईंनी नेमकं कळव्याचं नाव काढलं. खाडीपलीकडच्या एखाद्या गावात, उघड्यावर, झाडाखाली मुलं जमवायची, त्यांना येशूच्या गोष्टी सांगायच्या, गाणी शिकवायची, असं ठरत होतं. दुसरं कुठलंही गाव मला चाललं असतं. पण कळवा माझं माहेर. मिठागरात राबणाऱ्या आईबापांची मी लेक. नवरा पटकीनं गेला, मी ठाण्याच्या मिशनच्या दवाखान्यात कशीबशी वाचले, आणि पुढं बाप्तिस्मा घेतला. ते कळलं त्या दिवशी आईनं माझ्या नावानं अंघोळ केली, मेलेल्या माणसाच्या नावानं करतात तशी. त्याला सात वर्षं झाली होती.

"तुमचंच गाव. मुलं तुमच्याकडे लवकर येतील," बाई म्हणाल्या. कपाळ माझं! मुलं येतील, आणि त्यांच्यामागून आया केरसुण्या घेऊन येतील, हे त्यांना कोण सांगणार?

एका बाबतीत मात्र मी अडून बसले. बाईंना मुलांना बिस्किटं वाटायची होती. मी म्हटलं, "खायची वस्तू एकही नको. आपल्या हातचा कण पोराच्या तोंडात गेला तर पोर बाटलं म्हणतील." लहानपणी ऐकलेलंही सांगितलं, की फिरंग्यांच्या काळात पाद्र्यांनी विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्यायले आणि अख्खं गाव बाटलं. बाई हसल्या. "पाण्यानं कुणी ख्रिस्ती होतं का?" मी म्हणणार होते, बाई, मी झालेच की!

आदल्या दिवशी सकाळी जागा झाडायला आम्ही दोघी होडीनं गेलो. माझ्या डोक्यावर चटई, चित्रांची गुंडाळी आणि वर फडक्यात बांधलेले आमच्या दुपारचे दोन पाव. मी पदर नाकापर्यंत ओढून बसले, तशी होडीवाल्यानं विचारलं, "ताप आलाय का गो?" मुलं जमवायचा निरोप गावात आधीच गेला होता. पुरुष मिठागरावर गेलेले, गाव शांत. बाई पुढं वडाखाली चित्रं टांगायला दोरी कुठं बांधावी ते बघू लागल्या. मी उंबराखालच्या विहिरीपाशी पोचले आणि डोक्यावरचं ओझं काठावर उतरवलं. घागर टेकवून टेकवून दगडाला खळगा पडला होता ना, नेमका तिथंच. पोरपणी रोज तिथंच घागर ठेवायची मी. हात आपणहून गेले. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी मी!

फडक्याची गाठ सुटली. एक पाव घरंगळला आणि डुबुक.

माझी पाचावर धारण बसली. वाकून पाहिलं तर मेला तरंगतोय, पांढराफटक! तेवढ्यात दोन बायका घागरी घेऊन येताना दिसल्या. पुढची माझी आई होती. केस पार पिकले होते. धाकटीचं लग्न ठरल्याचं मला ठाण्याच्या बाजारात कळलं होतं. गाव बाटलं म्हटलं की ते मोडलंच. मग माझ्या बहिणीला कोण करणार? आणि या सगळ्यांनी पाणी कुठलं प्यायचं?

आईनं काठावरून आत पाहिलं. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता ही बोंब ठोकणार.

"काय परला गो?" मागची शेजारीण लांबूनच म्हणाली.

"काय नाय, उंबर परलाय," आई म्हणाली.

तिनं पोहरा सोडला, पाव त्यात धरला आणि वर ओढला. शेजारणीकडे पाठ करून तो भिजका गोळा पदरात दडवला. शेजारीण थबकून माझ्याकडे बघत होती. तशी आईनं त्याच पोहऱ्यातलं ओंजळभर पाणी घेतलं आणि तिच्यादेखत घटाघटा प्यायली. मग शेजारणीनंही घागर भरली. मी बघत राहिले. अगदी ऐकलेल्या गोष्टीतल्यासारखंच झालं होतं, आणि करणारी मी.

घागर डोक्यावर घेऊन जाताना आई माझ्याकडे न बघता, हातानं विहीर दाखवत म्हणाली, "पोरांना झाराखालीच बसव. बावीवं येव नको."

"विहिरीत काय पडलं?" वडाखाली पोचल्यावर बाईंनी विचारलं.

"उंबर," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुलं आली, झाडाखाली बसली. खोटं बोलू नये हा धडा ठरलेला होता. मला तो देववेना, मी दुसरीच गोष्ट सांगितली. सांगताना सारखी विहिरीकडे नजर जात होती. पुढं कितीतरी दिवस कळव्याकडून कुणी आलं की मी आधी धाकटीचं विचारायची. धाकटीचं लग्न झालं. आईनं त्या पावाचं नाव मरेपर्यंत कुणाजवळ काढलं नाही. माझ्याशीही ती पुन्हा कधी बोलली नाही.