चक्करची गोळी

आईचं हसणं बंद झालं, हे सगळ्यात आधी वहिनीच्या लक्षात आलं. तिला वाटलं, सासू आपल्यावर रागावली. तिनं मला नागपूरला फोन केला.

"ताई, आई माह्याशी नीट बोलत नाईत. नुसत्या पाहत राहतात. माह्या तोंडून काही गेलं असन तर तुम्हीच विचारून पाहा."

मी प्रयोगशाळेत होते. "घरातलं घरात पाहा ना, वहिनी," असं काहीतरी बोलून मी फोन ठेवला.

माझं काम कंपवातावर आहे. मेंदूत डोपामिन नावाचं रसायन असतं. ते पेशींवरच्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याच्यासाठीच असलेल्या जागेवर, जाऊन बसलं की हातपाय मनासारखे हलतात. कंपवातात ते तयार करणाऱ्या पेशीच हळूहळू मरतात. नवीन औषधं तपासायची म्हणून आम्ही उंदरांना एक इंजेक्शन देतो. ते औषध रिसेप्टरची जागा अडवून बसतं आणि उंदीर काही वेळ गोठतो. मग त्याचे पुढचे पाय एका आडव्या दांडीवर ठेवायचे आणि ते खाली घ्यायला त्याला किती वेळ लागतो, ते मोजायचं. धडधाकट उंदीर लगेच उतरतो. हा तसाच उभा राहतो. स्टॉपवॉच हातात धरून हे पाहण्यात माझी कितीतरी वर्षं गेली आहेत.

त्या दिवाळीला मी गावी, कोंढ्याला गेले. आई अंगणात आली आणि तिच्या चालण्यावरूनच मला कळलं. पावलं आखूड पडत होती. डावा हात हलतच नव्हता, चेहऱ्याचे स्नायूही ताठरले होते. खाटेवर बसली तेव्हा मांडीवर ठेवलेला उजवा हात थरथरत होता. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत ही बाई ओळीत सगळ्यांत पुढे असायची. तिचा हात पाहून बाकीच्या बाया आपला वेग ठरवायच्या.

मला दुःख झालं, पण खरं सांगायचं तर त्याच्या आधी आपल्याला हे कळतं याचा अभिमान वाटला. मी दादाला कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मेंदू काढून दाखवला. तो मान हलवत राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "माय बरी होईन न?"

पंधरा दिवसांनी आईला घेऊन मी आणि वहिनी नागपूरच्या एका मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेलो. मी काय काम करते ते मी आधीच सांगून टाकलं होतं. त्यांनी आईचे हात वाकवून पाहिले, चालायला लावलं, मग विचारलं, "आणखी कोणत्या गोळ्या सुरू आहेत?"

"फक्त बीपीची," मी म्हणाले.

मागून वहिनी पुटपुटली, "अन् ते चक्करची..."

"ती कधीमधी घेते, वहिनी." हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी गृहीत धरलं होतं. बाहेर रुग्णांची गर्दी होती. डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि कंपवाताच्या गोळ्या लिहून दिल्या.

दवाखान्याबाहेर आम्ही चहा घेत होतो. वहिनीनं आईच्या बशीत चहा ओतून दिला आणि माझ्याकडे न पाहताच विचारलं, "ताई, त्या चक्करच्या गोळीनं तर होऊन नाई राहिलं हे?"

मी हसले. "गोळीनं कुठं असं होते, वहिनी? मेंदूतल्या पेशी मरतात याच्यात."

ती आईच्या हातातली बशी सावरायला लागली.

औषधानं आईला फरक पडला नाही. उलट मळमळायला लागलं, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी यायची. डॉक्टरांना फोनवर विचारून मी डोस वाढवून घेतला. अंधारी येते म्हणून आई चक्करची गोळी एकीच्या जागी दोन घ्यायला लागली. ते मला ठाऊक नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं.

वैशाखात दादाच्या मुलीचं लग्न झालं. आईला मांडवात पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. नवं नऊवारी, केसांत गजरा, आणि चेहरा दगडासारखा. मुलाकडच्या बाया आपसांत म्हणत होत्या, "आजीच्या मनात नव्हतं वाटते हे लग्न." पोरगी पाया पडली तेव्हा आईचा हात आशीर्वादाला उठला खरा, पण इतका सावकाश, की तोवर ती उठून पुढे गेली होती. हात रिकाम्या जागी थोडा वेळ तसाच राहिला. मग आईनं तो खाली घेतला.

निघताना भाची माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, आजी माह्यावर काहून रागावली?"

मी तिला आजार समजावून सांगत बसले. तिला ते ऐकायचं नव्हतं.

आषाढात एके दुपारी वहिनीनं मोबाईलवर एका गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो पाठवला. तालुक्याला, पवनीत मिळत नाहीत, नागपुरातून दोन महिन्यांच्या घेऊन ठेवाल का, असा खाली मजकूर होता. मी फोटो मोठा करून नाव वाचलं. आमच्या उंदरांच्या इंजेक्शनसारखंच हे औषध डोपामिनचे रिसेप्टर अडवतं. म्हाताऱ्या माणसानं ते वर्षानुवर्षं घेतलं तर कंपवातासारखी लक्षणं दिसू शकतात. मी हे वर्गात शिकवते.

मी फोन लावला. "वहिनी, ही गोळी कधीपासून आहे?"

"चार वर्सं झाले न, ताई. आई धानाच्या बांधीत चक्कर येऊन पडल्या होत्या तेव्हापासून."

तेव्हा कुण्या डॉक्टरनं पंधरा दिवसांसाठी दिली होती. मग रिकामं पाकीट दाखवून मेडिकलमधून नवीन यायचं. बंद करायला कुणी सांगितलं नाही, म्हणून कुणी बंद केली नाही. दरवर्षी दोन-तीनदा त्या घरात राहून जाणारी, याच विषयात आयुष्य घातलेली मी, आईच्या गोळ्यांचा डबा एकदाही उघडला नव्हता.

त्याच संध्याकाळी कोंढ्याला जाऊन मी तो डबा आणला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाकीट उलटंपालटं केलं. "मी विचारलं होतं, मॅडम," एवढंच म्हणाले, आणि गोळी बंद केली.

दोन महिने काहीच बदललं नाही. मग आईचे खांदे थोडे सैल झाले. एक दिवस वहिनीचा फोन आला. ती धापा टाकत बोलत होती. "ताई, तुमचे दादा बांधीत घसरून चिखलात पडले, अन् आई हसून राहिल्या! आवाज ऐका." पलीकडून खरंच आईचं हसणं ऐकू येत होतं. मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभी राहून रडले.

ती आता बरीचशी पहिल्यासारखी चालते. पण उजव्या हाताची थरथर गेली नाही. रोवण्याला ती धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर बसून राहते, बांधीत उतरत नाही. डॉक्टर म्हणतात, आतून खरा आजार येत असेल आणि गोळीनं तो लवकर उघडा पाडला असेल, किंवा हे त्या गोळीनंच मागे ठेवलं असेल. यातलं कोणतं खरं, ते मलाही सांगता येत नाही.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मले वाटे, मी म्हातारी झाली. तुले सारं माहीत असन म्हणून मी बोलली नाई." मग तिनं विचारलं, "पोरीले सांगतलं का?"

भाचीला मी फोन केला. ती रडली. "पण लग्नाच्या फोटोत तर आजी तशीच राहीन न, आत्या," म्हणाली.

वहिनीची माफी मागायला मला आणखी महिना लागला. ती पडवीत तांदूळ निवडत होती. मी म्हणाले, "वहिनी, तुम्ही मला तेव्हाच विचारलं होतं. मी ऐकलं नाही."

"तुम्ही शिकलेल्या," ती सुपातून नजर न काढता म्हणाली. "मले वाटलं, आपल्याले काय समजते. म्हणून चूप बसली." ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं मला जेवून जायला सांगितलं, आणि मी जेवले.

हल्ली मी महिन्यातून एकदा तरी कोंढ्याला जाते. घरात कुणाला ताप आला, कुणाचं काही दुखलंखुपलं, की वहिनी गावातल्या आरोग्य स्वयंसेविका आशाताईंना बोलावून विचारते. मी तिथंच खाटेवर बसलेली असते.