शॉर्ट करून बघणारी नणंद

वस्तू बिघडली की माणसं हळहळतात, चिडतात, दुकानदाराच्या नावानं बोटं मोडतात. बिघाडाचं पाहुण्यासारखं स्वागत करणारं माणूस मात्र माझ्या मोठ्या नणंदेखेरीज मी दुसरं पाहिलेलं नाही. मिक्सरमधून धूर आला की आम्ही नाकाला पदर लावतो. ताई नाक पुढे करते आणि आतलं नेमकं काय जळलं ते वासावरून सांगते. कुणाकडे पहिल्यांदा गेली तर देव्हाऱ्याआधी तिला मीटरचा बोर्ड बघायचा असतो. आमच्या भाच्याच्या लग्नात ऐन मुहूर्ताच्या आधी कुणीतरी आइस्क्रीमचं मशीन लावलं आणि अख्खं कार्यालय अंधारलं. बाकीचे भटजींकडे बघत होते. ही वरमावशी पैठणीचा पदर खोचून वायरमनच्या मागोमाग जिन्याखाली शिरली. एका मशीनपायी सगळे पंखे का बंद पडावेत, याचा जाब ती त्याला विचारत होती. मंगलाष्टकं संपली तेव्हा ताईच्या अक्षता तिच्या मुठीतच होत्या.

तिची नोकरीच तशी होती. इस्पितळातली यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ती इंजिनिअर होती, आणि तिथे तयार झालेलं प्रत्येक सर्किट मुद्दाम बिघडवून बघणं हे तिचं काम. निवृत्त झाल्यावर ती दादरची जागा सोडून आमच्याजवळ मीरा रोडला, पूनम सागरमध्ये राहायला आली. सवय मात्र सुटली नाही. मी हौसेनं मोबाईलचा नवा चार्जर आणला, तर तिनं केसांतला आकडा काढून शांतपणे त्याच्या तोंडात घातला. मी किंचाळायचीच बाकी होते. तिनं आकडा काढला, चार्जर पुन्हा चालू झाला, आणि ती म्हणाली, "चांगला आहे गं. वेळेवर हात आखडता घेतला त्यानं."

हा हात आखडता घेणं म्हणजे काय, ते तिनं मला माझ्याच ओट्याशी समजावलं. मी म्हटलं होतं, त्यासाठी फ्यूज असतो की. त्यावर ती म्हणाली, "फ्यूज बिचारा दुसऱ्याला वाचवायला स्वतः मरतो. पण एकदाच. नंतर काय?" मग तिनं पर्समधून एक डबी काढली. आत तांदळाच्या कणीएवढे काळे तुकडे होते. त्यांना लोड स्विच म्हणतात. बॅटरी आणि दिवा, बॅटरी आणि रेडिओ, अशा प्रत्येक जोडीच्या मध्ये एक कणी बसते आणि वीज मोजून सोडते. पुढे कुठे तारेला तार चिकटली की ती तार हावऱ्यासारखी वाट्टेल तेवढी वीज मागू लागते. कणी ठरल्यापेक्षा जास्त देत नाही. तरी मागणी थांबली नाही तर ती तापते, आणि फार तापली की दार लावून घेते. थोडी निवली की पुन्हा दार किलकिलं करून बघते. बिघाड गेला असेल तर कामाला लागते, नसेल तर परत बंद. आणि मुख्य म्हणजे एका वाटेवर हा गोंधळ चालू असताना बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो. हे सगळं ऐकताना माझं दूध उतू गेलं. तेही तिनं कुतूहलानं पाहिलं.

माझ्या नवऱ्याचा भाईंदर पूर्वेला एक गाळा आहे. तिथे तो मासेमारीच्या होड्यांसाठी पेट्या बनवतो. एका पेटीत एक बॅटरी, आणि तिच्यावर होडीचा दिवा, वायरलेस आणि मोबाईल चार्ज करायची जागा. ताई इकडे आली त्या वर्षी उत्तनकडच्या नाखव्यांनी बऱ्याच पेट्या सांगितल्या होत्या. नारळी पौर्णिमेनंतर होड्या निघणार, त्याआधी माल पोचायला हवा. अशा घाईच्या दिवसांत ताई डबा द्यायच्या निमित्तानं गाळ्यावर गेली आणि बांधून तयार असलेल्या पेटीच्या चार्जिंगच्या भोकात तिनं आकडा घातला. पेटीतला एकुलता एक फ्यूज गेला. दिवा विझला, वायरलेस गप्प झाला.

नवरा म्हणाला, झालं ते बरोबरच झालं, फ्यूज त्यासाठीच तर आहे. ताईनं विचारलं, "फ्यूजनं त्याचं काम केलं रे. पण मोबाईलची वायर खराब झाली म्हणून समुद्रात दिवा का जावा?" तो म्हणाला, नाखवा दुसरा फ्यूज घालेल. ओल्या हातांनी, हलत्या होडीत, असं ती म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली. त्यानंतर भावाबहिणीत जे जुंपलं ते शेजारच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातही ऐकू गेलं असणार. घरी येऊन तो माझ्यावर चिडला. म्हणाला, तुझ्या नणंदेला आवर. मी म्हटलं, बहीण तुझी आहे. दुसऱ्या दिवशी त्यानं नाखव्यांना फोन करून चार दिवस मागून घेतले. तो हरला होता म्हणून नव्हे. रात्रभर त्यालाही तो दिवा विझलेलाच दिसत होता.

ताईनं डोळ्याला भिंग लावून प्रत्येक वाटेवर एकेक कणी बसवली. सगळे जमल्यावर बटण दाबलं, तर दिवा नीट लागेचना. लुकलुकायचा, विझायचा, पुन्हा लुकलुकायचा. नवऱ्यानं कपाळाला हात लावला. ताई मात्र खूश. चूक तिचीच होती. लागतानाच्या क्षणी दिवा एकदम जास्त वीज ओढतो; तिनं मर्यादा इतकी कडक ठेवली होती की त्या पहिल्या घोटालाच कणी बिघाड समजत होती. पंगतीत पहिला भात जरा जास्तच वाढावा लागतो हे मी विसरले, असं ती म्हणाली. मग तिनं मर्यादा थोडी सैल केली आणि वीज हळूहळू चढेल अशी सोय केली. पण त्याआधी दुपारभर ती त्या लुकलुकत्या दिव्यासमोर बसून राहिली, मूल पहिल्यांदा पावलं टाकताना बघावं तशी. पेट्या गेल्या. आभार कुणी कुणाचे मानले नाहीत.

पावसाळा सरता सरता उत्तनजवळच्या डोंगरीचा एक नाखवा पेटी खांद्यावर घेऊन गाळ्यावर आला, तक्रार घेऊन. त्या दिवशी मीही तिथेच होते. "चार्जिंग चालत न्हाय," तो म्हणाला, "बाकी ठीक हाय." ताईनं लगेच पेटी पुढ्यात ओढली. चार्जिंगला लावलेली वायर बर्फाच्या पेटीखाली चेंगरली होती, आतल्या तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. कधी झालं, असं तिनं विचारलं, तेव्हा तो सांगू लागला. वायर चेंगरली त्या पहाटे समुद्रावर पाऊस इतका दाट होता की स्वतःच्या होडीचं टोक दिसत नव्हतं. चार्जिंग नसल्यानं मोबाईल बंद पडला होता. तेवढ्यात एक मोठी बोट थेट अंगावर येताना त्यांना दिसली. ती अगदी जवळ येऊन वळली. वायरलेसवरून तिच्यावरचा माणूस ओरडला, तुमचा दिवा दिसला म्हणून वाचलात. हे सांगून नाखवा पुन्हा चार्जिंगवर आला. ते कधी मिळेल, परवा निघायचं हाय.

नवऱ्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला. ताईनं नाखव्याला एवढंच विचारलं, "वायर चेंगरली तेव्हा दिवा जरा मंद झाला होता का?"

"न्हाय बाय. दिवा तसाच व्हता."

ताईनं मान हलवली. नवी वायर लावून पेटी दिली, आणि तो गेल्यावर चेंगरलेली वायर रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. तेवढ्यात चहा आला. नवऱ्यानं पहिला कप तिच्यापुढे सरकवला. त्यांच्यात समेट झाल्याचं मला त्यावरून कळलं.

याला आता काही वर्षं झाली. ताईची नजर अधू झालीय. भिंग लावूनही कणी दिसत नाही, आणि हातही थरथरतात. रविवारी नवरा पेटीत बसवायचा, कण्या लावलेला नवा बोर्ड घेऊन तिच्याकडे जातो; जाणं गरजेचं असतंच असं नाही. ती म्हणते, "कर शॉर्ट." तो दिव्याच्या तारेला तार लावतो, दिवा विझतो. मग ती बोर्डाच्या पाठीमागून, भाजणार नाही अशा बेतानं, बोटाचं टोक टेकवते आणि मान खाली घालून बसते. तापली, म्हणते. थोड्या वेळानं, निवली. परत बघतेय गं, बिघाड गेला का म्हणून. तिच्या चेहऱ्यावर तेव्हा जे असतं ते बघत बसावंसं वाटतं, म्हणून मीही जाते. नवरा तार लगेच काढत नाही. तिचं समाधान होईपर्यंत थांबतो, मग हळूच बाजूला करतो. समोरचा दिवा लागतो. तो सांगतो, "ताई, लागला बघ."

"कळलं मला," ती म्हणते, आणि बोट तसंच ठेवते.